तेलाचा भाव आणि भाऊबिजेचा पाट

मंडळी, ऐका. देवाचं नाव घेऊन झालं, टाळ खाली ठेवले, आता थोडं माणसांविषयी बोलू. देव ऐकतोच आहे. त्याला आपल्या गोष्टींची सवय आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. माणसानं आपल्या माणसाकडं कधी जावं? मुहूर्त द्यायचा कोणी? पंचांगानं, मनानं, की बाजारानं?

लगेच उत्तर देऊ नका. पुढच्या रांगेतले काका "मनानं, मनानं" म्हणून मान हलवतायत. हलवा. मंडपात प्रत्येकाची मान बरोबर दिशेनं हलते. मंडपाबाहेर गेली की ती खाली वाकते, फोनवर, आणि फोनमध्ये बाजार असतो. म्हणून आधी गोष्ट ऐका, मग मान हलवा. हलवावीशी वाटली तर.

गोष्ट लांबची नाही. आपल्या खानापूरच्या घाटमाथ्यावरचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावची दोन-तीन माणसं खांबाला टेकून बसलेली मला दिसतायत. त्यांनी ओळखलं तर गप्प बसावं, आणि नाही ओळखलं तर देवाचे आभार मानावेत.

या भागातली तरणी माणसं काय करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पाऊस कमी आणि दगड फार. मग पोरं बाहेर पडली. कोणी मदुराईत, कोणी कानपुरात, कोणी पार आसामात. तिथं गलाईचा धंदा. सोनारांचं जुनं, भेसळीचं सोनं भट्टीत घालून गाळायचं, शुद्ध करून द्यायचं. कष्टाचं काम आहे, धुराचं आहे, इमानाचं आहे. त्या कामाला मी नाव ठेवत नाही. नाव ठेवायचं आहे ते एका माणसाला.

जालिंदर मुळीक. गुवाहाटीत भट्टी, बोटात अंगठ्या, आणि डोक्यात भाव. सकाळी उठला की तोंड धुण्याआधी सोन्याचा भाव बघणार. रात्री तिकडं परदेशात भाव पडला की सकाळी इकडं घ्यायचं, चढला की द्यायचं, मधल्या वेळी थांबायचं. थांबण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. लोक म्हणायचे, "जालिंदरशेठसारखं थांबावं." आणि माणसाची एकदा अशी स्तुती झाली ना, की तो जिथं पळायचं तिथंही थांबायला लागतो.

याला एक थोरली बहीण. हौसाबाई. हा तिला आक्का म्हणायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरच्याच गावात घर करून राहिली. वडील गेले तेव्हा रानात तिचाही हिस्सा होता. जालिंदरला धंदा टाकायचा होता, हातात काही नव्हतं. आक्का तालुक्याला गेली आणि हक्क सोडून आली. रानाचा तो तुकडा विकला गेला, आणि त्यावर गुवाहाटीची भट्टी पेटली.

आक्कानं काय मागितलं? ऐका. एवढंच म्हणाली, "मला रान नको, लुगडं नको. भाऊबिजेला पाटावर येऊन बस. तेवढं चुकवू नको."

सुरुवातीला त्यानं चुकवलं नाही हो. खोटं कशाला बोलू? त्या वेळी विमान परवडत नव्हतं. रेल्वेत दाराशी उभा राहून, रात्रीमागून रात्री काढून, काजळलेल्या तोंडानं हा माणूस दारात यायचा. आक्का त्याला न्हाऊ घालायची आणि पाटावर बसवायची. त्या वर्षांत त्यानं रेल्वेच्या कोळशाचा भाव कधी विचारला नाही. विजेचा विचारला नाही. जायचं होतं, गेला.

मग पैसा आला. पैशाबरोबर विमान आलं. आणि विमानाबरोबर — पेटीवाले, जरा हळू, इथं सूर नको — विमानाबरोबर अक्कल आली. रेल्वेत दिवसच्या दिवस उभा राहणारा माणूस, आता दुपारपर्यंत पोचवणाऱ्या विमानासाठी महिनेच्या महिने थांबायला लागला.

एक वर्ष म्हणाला काम आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाला तिकीट चढलंय. दोन्ही वर्षी आक्कानं अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, आणि अंधार पडल्यावर पाट उचलून भिंतीला लावला.

आता इथं एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. ज्या बहिणीला भाऊ नाही, ती भाऊबिजेला काय करते? चंद्राला ओवाळते. सगळीकडंच आहे ही रीत. पण त्या गावात तिला एक पुस्ती आहे. एकदा चंद्राला ओवाळलं की तो भाऊ झाला. मग दुसरा भाऊ मागायचा नाही. म्हणून तिथल्या बायका अगदी शेवटच्या घटकेपर्यंत वाट बघतात. भाऊ भांडकुदळ असो, कर्जबाजारी असो, तरी वाट बघतात. भाऊ आहे तोवर चंद्राकडं ताट न्यायचं नाही.

आक्कानं दोन वर्षं नेलं नाही. गल्लीतली एक जण म्हणालीसुद्धा, "हौसाक्का, भाऊ आसामात हाय का आभाळात? आभाळात असंल तर ओवाळून टाक की." बायका हसल्या. आक्का म्हणाली, "कामात असतंय त्ये." आणि पाट उचलला.

तर यंदाची गोष्ट. यंदाची म्हणजे सरलेल्या दिवाळीची. गणपती बसले होते, त्या दिवसांत आक्कानं फोन केला.

"जालू, यंदा येतूस का?"

"येतो की आक्का. तिकीट काढायचंच हाय. जरा तेल उतरू दे."

"कसलं तेल?"

"विमानाचं."

"विमान तेलावर चालतंय व्हय. बरं. आन तू कशावर चालतूस?"

जालिंदर हसला. त्याला वाटलं, आक्काला यातलं काय कळतं.

आक्का हसली नाही. म्हणाली, "ऐक. दोन वर्सं पाट मांडला आन उचलला. यंदा आला न्हाईस, तर मी चंद्राला ओवाळणार. मग तुला पुन्हा बोलावणार न्हाई. सांगायचं ते सांगितलं."

"आगं येतो म्हणतोय की!"

फोन ठेवला. बायको समोर उभी होती. मंदाकिनी तिचं नाव, घरात मंदा. तिचाही भाऊ विट्याला, तीही बीज करणार. ती म्हणाली, "अहो, आत्ता भाडं बरं दाखवतंय. शेजारच्या सर्जेरावांनी काढली तिकिटं. आपण पण काढू."

"सर्जेराव भोळा माणूस हाय. मंदे, कच्चं तेल खाली यायला लागलंय जगात. विमानाच्या तेलाचा भाव दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात. पहिली तारीख येऊ दे, तेल पडलं की तिकीट पडतंय. तिप्पट हुशार माणसं आत्ता थांबल्यात."

"थांबल्यात, का बसल्यात?"

"म्हणजे?"

"विमानात बसल्यात. जागा घेऊन. मी माझं काढतीय. तुमचं काढू?"

"माझ्या तिकिटाला हात लावलास तर रद्द करीन."

तिनं स्वतःचं काढलं. सर्जेरावाच्या कुटुंबाबरोबर. सर्जेराव हा त्यांचाच गाववाला, त्याचीही तिथं भट्टी. त्याला जालिंदरनं चारचौघांत विचारलं, "काय सर्जेराव, तेल उतरायच्या आधीच उडी मारली?" तर तो बिचारा म्हणाला, "शेठ, मला बहिणीकडं जायाचं हाय, तेलाकडं न्हाई." सगळे हसले. कोणाला हसले? सर्जेरावाला. जगाची हसण्याची दिशा बघा.

पहिली तारीख आली. आणि मंडळी, तेल उतरलं. खरंच उतरलं. जालिंदरचं गणित बरोबर निघालं. त्यानं भट्टीवर पेढे वाटले. मोठ्या रुबाबात फोन उघडला, तिकीट बघितलं.

तिकीट चढलं होतं.

त्यानं फोन बंद केला, पुन्हा चालू केला. जणू फोनला ताप आला असावा. तिकीट चढलेलंच.

आता मी काही यातला जाणकार नाही. जे वाचलं आणि चार माणसांना विचारलं, तेवढंच सांगतो, आणि चुकलं तर मला आरतीनंतर बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको. विमान कंपनीच्या खर्चात तेलाचा वाटा मोठा आहे, तिसरा हिस्सा, कधी त्याच्याही वर. तेल भडकलं की भाडं चढतं, हे खरं. पण तेल पडलं म्हणून सणाचं भाडं पडेल, हे कोणी सांगितलं? त्या आयाबायांना विचारतो. दसऱ्याला झेंडू महाग होतो. का होतो? टेम्पोचं डिझेल त्याच सकाळी चढतं का? नाही. सगळ्या गावाला झेंडू एकाच सकाळी हवा असतो. आणि समजा डिझेल त्या दिवशी स्वस्त झालं, तर फुलवाला तुम्हाला हाक मारून म्हणतो का, "मावशी, डिझेल उतरलंय, माळ अर्ध्यात न्या"? विमानाला झेंडूचाच नियम. दिवाळीची सीट म्हणजे दसऱ्याचा झेंडू. स्वस्तातल्या चार जागा आधी येणाऱ्याला मिळतात, मागून येणाऱ्याला उरलेल्या, महाग. तेल स्वस्त झालं तर तो फायदा कंपनीच्या खिशात जातो. जागा भरतायत, तर ती तुम्हाला का देईल? ती काय तुमची आक्का आहे, हक्क सोडायला?

पण जालिंदरला झेंडू दिसत नव्हता. त्याला सोनं दिसत होतं. इथंच तो चुकला, आणि ही चूक भावावर जगणाराच करू जाणे. सोन्याचा भाव आज चढला तर उद्या घेता येतं. सोनं थांबतं. सोनं दुकानात तसंच पडून राहतं, शंभर वर्षांनीही सोनंच. विमानातली जागा तशी नाही. विमान उडालं की जागा गेली. आणि बीज? बीज तर जागेइतकीही थांबत नाही.

मंदा म्हणाली, "आता तरी काढा."

तो म्हणाला, "तेल वर उतरलं की खाली झिरपायला वेळ लागतो. सोन्याचं पण असंच असतंय. थांब थोडं."

मंदा गप्प बसली. बायका दोन कारणांनी गप्प बसतात. एक पटल्यावर. दुसरं तुम्हाला ठाऊक आहे.

नवरात्र आलं, तिकीट आणखी वर. पुढची पहिली तारीख आली. आता तेल चढलं! जालिंदर म्हणाला, "चढलं ना? म्हणजे आता पडणार. चढल्याशिवाय पडत न्हाई." बघा ही विद्या. उतरलं तरी थांबायचं, चढलं तरी थांबायचं. या माणसाला तेलाचं काही पडलेलं नव्हतं. थांबण्याचं व्यसन होतं त्याला. दारूड्याला आनंद झाला तरी प्यायची असते आणि दुःख झालं तरी प्यायची असते, तसं.

मंदा सर्जेरावाच्या कुटुंबाबरोबर गावी निघाली. निघताना उंबऱ्यात म्हणाली, "माझा भाऊ पाटावर बसणार हाय. आक्कानं तुमच्याविषयी विचारलं तर काय सांगू? तेल बघत्यात म्हणून?"

तो म्हणाला, "बिजेला सकाळी मी तिथं असतो. बघच."

आणि त्यानं शोधून काढलं एकदाचं. सणाच्या दिवशीच उडणाऱ्या विमानाला गर्दी कमी असते, कारण शहाणी माणसं आदल्या दिवशीच घरी पोचलेली असतात. भाऊबिजेच्या दिवशीचं, पहाटे निघणारं, मध्ये एका शहरात थांबून पुण्याला उतरणारं तिकीट त्याला जरा कमी भाड्यात मिळालं. "जरा कमी" म्हणजे गणपतीत मंदाला जे मिळालं होतं त्याच्या दुपटीहून थोडं कमी. पण त्यानं सर्जेरावाला फोन करून सांगितलं, "बघ, थांबल्याचा फायदा झाला." धन्य आहे. पाय मोडून घ्यायचा आणि म्हणायचं, चपलेची झीज वाचली.

असो. बीज उजाडली. आता तुम्हाला वाटत असेल, विमान चुकणार, धुकं पडणार, काहीतरी होणार. मंडळी, विमानाला दोष देऊ नका. विमान वेळेवर निघालं, मधल्या शहरातलंही वेळेवर सुटलं, पुण्यात उतरलं तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं. तिथून गाडी केली असती तर हा माणूस दिवेलागणीच्या आत पाटावर असता. देवानं त्याला शेवटपर्यंत वाट मोकळी ठेवली होती. देव तसा उदार आहे. पण मुळीकशेठच्या पुढं देवाचंही चालत नाही.

विमानतळाबाहेर एक गाडीवाला होता. नाव दिगंबर, भोरकडचा. म्हणाला, "विट्याच्या पुढं ना? बसा. सणाचं भाडं पडंल, आधीच सांगतो." आणि आकडा सांगितला.

जालिंदरनं फोन काढला. म्हणाला, "डिझेलचा भाव वर्षभर हाललेला न्हाई. हा बघ, तुझ्यासमोर दाखवतो. मग भाडं का चढलं?"

"सण हाय शेठ."

"सणाला गाडी जास्त तेल पिती का? तेलाचा हिशोब सांग मला. किलोमीटरला किती, टोल किती. वरती मजुरी घे. एवढं होतंय. एवढंच देणार."

दिगंबरनं गाडीचं उघडलेलं दार लावून टाकलं. मग म्हणाला, "शेठ, माझी बहीण भोरला पाट मांडून बसलीया. तुम्हाला विट्याला सोडायचं म्हणजे माझा पाट चुकणार. तुम्ही तेलाचं देताय. मी भाऊबिजेचं मागतोय."

मंडळी, असं वाक्य कानावर पडल्यावर माणूस काय करेल? मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे. पण कोणाच्याही काळजात काही असेल तर तिथं हलायला हवं. दिगंबरच्या तोंडून जालिंदरच्याच आक्काची गोष्ट निघाली होती. पाट, बहीण, वाट बघणं, सगळं तिथं, समोर उभं.

जालिंदर म्हणाला, "हे भावनेचं बोलू नको. दुसरी गाडी बघतो."

दिगंबर म्हणाला, "बघा." आणि गाडी घेऊन निघून गेला. कुठं गेला? भोरला गेला असणार. त्याचं बरं झालं.

दुसरा गाडीवाला आला, तो पहिल्याहून जास्त बोलला. त्यालाही फोन दाखवला. तोही गेला. तिसरा यायला वेळ लागला, कारण दुपार कलत होती आणि गाडीवाले आपापल्या बहिणींकडं निघाले होते. शेवटी, पहिल्यानं मागितलं होतं त्याहून जास्त देऊन, दोन अनोळखी प्रवाशांच्या मध्ये बसून शेठ निघाले.

वाटेत मंदाचा फोन. "कुठवर आलाय?"

"साताऱ्याच्या पुढं."

तेव्हा तो कुठं होता? खंबाटकीच्या घाटात. शेजारचा प्रवासी त्याच्याकडं बघून हसला म्हणे. हसणारच. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, आपण फक्त फोनशी बोलतोय.

आता जरा सावकाश ऐका. मृदंगावरचा हात काढा बुवा.

अंगण सारवलेलं आहे. पाट मांडलाय, रांगोळी घातलीय. आक्का दारात बसलीय, शेजारी ताट. ताटात सुपारी, अक्षता, निरांजन. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. भावाला ओवाळल्याशिवाय ती खात नसे. मंदा तिच्या भावाला ओवाळून मुद्दाम इकडं आलीय, कारण तिला घरी बसवेना. गल्लीतल्या दोन-चार बायका भिंतीशी उभ्या आहेत, त्यात ती मागं बोललेली बाईही आहे. आज तिचीही नजर रस्त्याकडं आहे.

बिजेचा चंद्र कसा असतो, कधी नीट बघितलाय? नखाएवढा. सूर्य बुडाला की पश्चिमेला दिसतो आणि लगेच मावळायच्या वाटेला लागतो. त्या गावाच्या पश्चिमेला टेकडी आहे, टेकडीवर पवनचक्क्या. चंद्र दोन पवनचक्क्यांच्या मध्ये आला. एकीचं पातं त्याच्यावरून फिरायचं, तो झाकायचा, पुन्हा दिसायचा.

आक्का म्हणाली, "मंदा, फोन लाव."

"कुठवर आलाय?"

"आलो आलो, कराड दिसतंय."

तूप कमी झालं होतं. आक्कानं निरांजनात चमचाभर तूप घातलं. विमानाच्या तेलाचा भाव रोज तपासणारा तिचा भाऊ. पण या एका वातीत किती तूप उरलंय, हे त्याला कोणत्या फोनमध्ये दिसणार होतं?

चला, तुम्ही माझ्यामागं म्हणा —

पाट मांडिला अंगणी, दिवा ठेविला तेवत,
येणाऱ्याची वाट लांब, बीज नसते थांबत.

पुन्हा एकदा म्हणा. मागच्या रांगेचा आवाज आला नाही. फोन खाली ठेवा आणि म्हणा.

चंद्र खाली सरकला. टेकडीला टेकायला आता बोटभर जागा. मंदा म्हणाली, "आक्का, येत्यात ओ. आजची रात हाय की, तिथी उद्यापातुर हाय."

आक्का म्हणाली, "मी तिथीची वाट बघत न्हवते."

ती उठली. ताट उचललं. पाटाच्या बाजूनं गेली, पाटाला पाय लागू दिला नाही, आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. बायकांनी वाट दिली. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. टेकडीकडं तोंड करून अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, मग निरांजन. सावकाश, एकेक फेरा. कुठंही घाई नाही. ती मागं बोललेली बाई पदरानं डोळे पुसायला लागली. मंदानं तोंड फिरवलं. आक्काचे डोळे कोरडे होते.

ओवाळून झालं आणि चंद्र टेकडीमागं गेला. आक्का आत आली, पाट उचलला, भिंतीला लावला. रांगोळी केरसुणीनं काढून टाकली. मग गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्याली.

तास-दीड तासानं दारात गाडी थांबली. जालिंदर उतरला. हातात आसामी रेशमाची भारी साडी, डब्यात मिठाई. दारातूनच ओरडला, "आक्का, आलो बघ! म्हणालो होतो का न्हाई? ओवाळ आता."

आक्का चुलीपुढं होती. तिनं वळून बघितलं. मग उठली, तांब्या भरला, आणि अंगणात आणून ठेवला. म्हणाली,

"या पाहुणं. हातपाय धुवा. जेवून घ्या."

मंडळी, आक्कानं त्याला जन्मापासून कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. मारलं होतं, न्हाऊ घातलं होतं, शिव्या दिल्या होत्या. "या" कधी म्हटलं नव्हतं.

तो हसायला गेला. "आक्का, चेष्टा करती काय? पाट कुठाय?"

"पाट उचलला."

"आगं अजून बीज हाय! पंचांग बघ, उद्यापातुर तिथी."

बघा हो. तिथंही घासाघीस. चंद्र बुडाला तरी हा भाव करतोय.

"तिथी असंल," आक्का म्हणाली. "ओवाळून झालं."

"कुणाला?"

तिनं टेकडीकडं हात केला. तिथं आता काही नव्हतं, नुसत्या पवनचक्क्या फिरत होत्या. म्हणाली, "त्यो येतोय दर वर्साला. लांबनं येतोय. कशावर चालतोय, मी कधी विचारलं न्हाई."

जालिंदरनं साडी पुढं केली. तिनं हात मागं घेतला. "पाहुण्याकडनं एवढं भारी घेऊ न्हाई."

आणि तिनं त्याला पान वाढलं. सगळं वाढलं हो, काही कमी नाही. करंजी, लाडू, वर तूप. आग्रह केला. "घ्या की पाहुणं, लाजू नका." पाहुण्याला करतात तसा. तो एक घास खायचा आणि मंदाकडं बघायचा. मंदा पाणी वाढत होती आणि त्याच्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट त्यानं काढलं. त्या संध्याकाळचं, जे असेल त्या भावाचं. तेल बघितलं नाही. आता कशाला बघायचं होतं?

संपली गोष्ट. आता तुमच्याकडं येतो.

तुम्ही हसलात जालिंदरला. मीही हसलो, आणि सांगता सांगता मला शंका येत राहिली की हसण्याइतके आपण वेगळे आहोत का. चैत्रात गावची जत्रा आहे. तुमची पोरं कोइमतूरला आहेत, सिलिगुडीला आहेत, दिल्लीला आहेत. मघाशी मंडपाबाहेर मी स्वतः ऐकलं. एक जण फोनवर सांगत होता, "बाबा, जरा तेल उतरू दे, मग काढतो." आणि इकडचा बाप म्हणत होता, "व्हय, व्हय, बघून काढ, घाई नको." घाई नको! बापानंच पाट उचलायला सुरुवात केली.

तेलाचा भाव मी काय, तुम्ही काय, कोणी धरून ठेवू शकत नाही. कुठल्या समुद्रात कोणाचं भांडण लागतं आणि इथं तिकीट हलतं. सणाला जायचं ठरलं ना? ठरलं त्याच आठवड्यात काढा. चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या. आणि एखाद्या वर्षी खरंच परवडलं नाही, तर तसं सांगा. "परवडत नाही, रेल्वेनं येतो," किंवा "यंदा जमत नाही, आक्का." गरिबीला कोणी हसत नाही. ज्याला परवडतं आणि तरी जो थांबतो, त्याला मी हसतो. त्याला तेल महाग पडत नाही. त्याला माणूस महाग पडतो.

आणि सुरुवातीचा प्रश्न. मुहूर्त कोणी द्यायचा? काका, आता मान हलवायची तर हलवा. मी उत्तर देणार नाही. जो तुमच्यासाठी पाट मांडून बसलाय, त्याला विचारा. तो अजून "ये" म्हणतोय तोवर विचारा. "या" म्हणायला लागला, की विचारून उपयोग नाही.

उठा. आरतीचं निरांजन लागलंय. वात मोठी आहे, तूप थोडं आहे.